आडवा हात

आमच्यात ताटावर हात आडवा धरायची रीत होती.
बोटं जरा फाकलेली, मुद्दाम.
तूप फटीतून बरोबर पोळीवर पडायचं
आणि पाहुणा म्हणायचा, अहो वहिनी, बास की!
बास म्हणजे काय, हे सासूबाईंनी
पहिल्याच पंगतीत शिकवलं :
पहिलं बास लाजेचं,
दुसरं रीतीचं,
तिसऱ्याला चेहरा बघायचा.
चेहरा बघूनही एक वाढायचंच.

सांगलीत तेव्हा हळदीचे व्यापारी उतरायचे.
मगदूमांच्या पेढीवरून दुपारी
पोरगं सायकलवर निरोप आणायचं,
"सात पानं."
दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची घराची शिस्त,
म्हणून पाच वाजताच पाट मांडलेले,
पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन तांब्यांवर,
आणि मी पदर खोचून उभी.

सेलमच्या एका म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं.
त्यानं हात आडवा धरला, पण बोटं घट्ट मिटून.
मी पुरणपोळी त्याच्या हातावरच ठेवली.
चौथी.
सगळे हसले, तोही हसला, खाल्ली.
रात्री हे म्हणाले,
त्याला साखरेचा आजार आहे गं.

चौऱ्याऐंशी साली विश्रामबागेत
उपाध्येबाईंचा क्लास निघाला.
टोमॅटोचं कमळ, काकडीची होडी,
कागदी रुमालाचा मोर करून पेल्यात उभा करायचा.
मोर मोडायला कुणी धजावत नसे.
पाहुणे खिशातल्या रुमालानं तोंड पुसायचे
आणि मी मोर परत कपाटात ठेवायची.
त्याच वर्षी भिशीतून टेबल घेतलं.
जिना अरुंद, म्हणून दोर लावून गच्चीवरून आत.
अख्खी गल्ली खाली, माना वर करून.
खुर्च्या सहा. पानं सातच यायची.
सातवी खुर्ची शेजारच्या शिंप्याची,
बसणारा गुडघे टेबलाला आपटत जेवायचा.

मी उभीच.
फक्त वाकावं लागत नव्हतं आता,
आणि पाहुण्याचं नाही
जरा जवळून ऐकू यायला लागलं.

मग "आपापलं घ्या" आलं.
धाकट्या जावेच्या वास्तुशांतीला, गच्चीवर, दिव्यांच्या माळा.
मी सवयीनं डाव उचलला,
तर टोपीवाल्या एका पोरानं तो हातातून काढून घेतला.
काकू, तुम्ही जेवून घ्या.
मी जेवणार नव्हतेच, दिवस कधीच मावळलेला.
कोपऱ्यात उभी राहून बघत राहिले :
एक हात ताटाखाली,
एक हात घासाला.
आडवा धरायला हात उरतो कुठं?

आता सन्मतीच्या घरी नऊ वाजता माणसं येतात.
येणाऱ्यांना श्रुतिका आधीच फोन करते,
कुणाला काय चालत नाही?
कुणाला दूध, कुणाला गहू, कुणाला शेंगदाणा.
मी पदराआड हसले होते,
पाहुण्याला असं विचारतात व्हय!
मग सेलम आठवलं.
उठून आत गेले, उगाच पाणी प्यायले.

परवा त्याचा वाढदिवस, मिरज रोडला हॉटेलात.
माझ्यासाठी साडेपाचलाच गेलो.
सगळं रिकामं,
निम्म्या खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या.
मी आयुष्यात इतका वेळ सलग बसून जेवले नव्हते.
एक पोरगा बासुंदीचं भांडं घेऊन आला,
विटेकडचा असावा, बोलण्यावरून.
मी वाटीवर हात आडवा धरला.
बास रे बाबा, म्हटलं.

"बरं," म्हणाला, आणि गेला.

पहिल्याच बासला.
चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बासुंदी चांगली होती.
मला अजून हवी होती.
हात तसाच वाटीवर राहिला थोडा वेळ,
बोटं फाकलेली.